नवऱ्यांची आणेवारी

"सासू समोर बसलेली असली तर प्यायला पाणी मागा. ती आत गेली की सुनेला पटकन विचारून घ्या. आणि सून सांगेल तेच लिहा, सिंधूताई. पदरचं एक अक्षर घालू नका."

डॉक्टरीण शकुनबाईंनी सूतिकागृहाच्या मागल्या पडवीत हात धुता धुता हे सांगितलं होतं. सिंधूताईंनी ते गुरुमंत्र घ्यावा तसं मनात धरून ठेवलं. अडचण एवढीच होती, की वऱ्हाडातल्या सासवा घडवताना देवानं शकुनबाईंचा सल्ला घेतला नव्हता.

पहिलंच घर समोरच्या माणिकबाईंचं. माणिकबाई दाराशी तांदूळ निवडत बसलेल्या. शेजारी त्यांची सून अनुपमा, सहावा महिना लागलेली, वाती वळत होती. सिंधूताईंनी कागद काढला, घसा खाकरला आणि तहान लागल्याचं सांगितलं.

माणिकबाई तसूभरही हलल्या नाहीत. "अनुपमे, सिंधूताईले पानी आन वं. अन् गुळाचा खडाबी आनजो."

अनुपमा कमरेवर हात ठेवून उठली आणि आत गेली. माणिकबाईंनी सूप बाजूला सारलं. "हं, इचारा आता काय इचाराचं ते. तिचं काय अन् माह्यं काय, एकच. माह्या पोरासारका नवरा हाये का गावात? लिवा. सगळं चांगलं लिवा."

सिंधूताईंचा स्वभाव असा, की भाजीवाल्यानं किडकं वांगं घातलं तरी त्या "राहू द्या, किड्यालाही पोट आहे" म्हणायच्या. त्यांनी लिहिलं. पाणी प्यायल्या, गूळ खाल्ला, आणि पहिला तक्ता सासूच्या जबानीनं भरून घरी आल्या. संध्याकाळी तुळशीला प्रदक्षिणा घालताना त्यांनी देवाची क्षमा मागितली आणि तो फाडला.

तक्त्यांचं प्रकरण असं होतं. सूतिकागृहात बाया फार उशिरा येत, काही येतच नसत. सूतिकागृह चालवणाऱ्या मंडळाच्या चिटणिसांचं म्हणणं, की आपल्या समाजात पती हा पत्नीला फुलासारखं जपतो, तेव्हा काळजीचं कारण नाही. शकुनबाई म्हणाल्या, ठीक आहे, फुलांनाच विचारू. त्यांनी बारा प्रश्नांचा तक्ता केला. 'पती आपली विचारपूस करतात काय?' 'जड ओझे उचलू देत नाहीत काय?' 'आपल्या मनातील भीती त्यांना सांगता येते काय?' उत्तरं चार: सदैव, बहुधा, क्वचित, कधीच नाही. पन्नास गर्भवतींना विचारायचं होतं. त्यासाठी सिंधूताईंची निवड झाली, कारण त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. दुसरंही कारण होतं, ते शकुनबाईंनी बोलून दाखवलं नाही. सिंधूताईंना स्वतःला पाचवा महिना होता आणि घरात त्या एकट्या होत्या. "रोज एक घर," शकुनबाईंनी बजावलं, "जिने चढायचे नाहीत. आणि पन्नासांत तुमचाही एक तक्ता हवा बरं का."

चिंतामणराव, म्हणजे सिंधूताईंचे यजमान, तहसील कचेरीत कारकून. चौदा महिन्यांपूर्वी त्यांची अमरावतीहून अकोल्याला बदली झाली. "बिऱ्हाड मिळालं की तुला नेतो," असं सांगून ते गेले. अकोल्यात कापसाच्या हजारो गाठींना जागा मिळते, पण एका कारकुनाला दोन खोल्या मिळेनात. चिंतामणराव ताजनापेठेतल्या खानावळीत जेवायचे आणि दर दुसऱ्या शनिवारी गाडीनं यायचे. यायचे, आंघोळ करायचे, पंचांग चाळायचे, रविवारी संध्याकाळी जायचे. माणूस देवभोळा, निर्व्यसनी, आवाज कधी चढायचा नाही. आवाज फारसा निघायचाच नाही म्हणा.

सिंधूताईंच्या घरी दोनदा पाळणा टांगायची वेळ येता येता राहिली होती. दुसऱ्या वेळी आश्विन होता आणि चिंतामणराव दर्यापूरकडच्या खेड्यांत पिकं पाहत फिरत होते. तार त्यांच्या मागून गावोगाव हिंडली. आठव्या दिवशी ते आले, बाहेरच्या खोलीत बसले, आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "जेवलीस का?" सिंधूताईंनी त्यावर कधी काही म्हटलं नाही. या खेपेला त्यांना एकच गोष्ट हवी होती: ते घरात असावेत. नुसते असावेत, पंचांग चाळत का होईना. पण तसं त्यांनी मागितलं नव्हतं. मागून मिळालं तर ते मिळालं म्हणायचं की वसूल केलं म्हणायचं, हा घोळ त्यांना सुटत नव्हता.

तर तक्ते. माणिकबाई देवळात गेल्याचं पाहून सिंधूताई पुन्हा अनुपमेकडे गेल्या, आणखी पाच घरं झाली, आणि एक नवीच आपत्ती उभी राहिली. बाया 'सदैव' या शब्दाच्या प्रेमात पडल्या. तो कीर्तनात ऐकलेला, म्हणजे पुण्यवान शब्द. पती विचारपूस करतात? सदैव. ओझं उचलू देत नाहीत? सदैव. पती रागावतात काय? सदैव! 'क्वचित' हा शब्द दोघींना शिवीसारखा वाटला. 'कधीच नाही' ऐकून एकीनं कानाला हात लावले.

सिंधूताईंनी हताश होऊन अकोल्याला पत्र टाकलं, की माणसाच्या मनातलं मोजायचं कसं. एरवी चिंतामणरावांचं उत्तर पोस्टकार्डावर येई: 'क्षेम. शनिवारी येतो. धोतर शिवून ठेव.' या वेळी चार पानी पत्र आलं. सिंधूताईंनी ते देवापुढे ठेवून मग उघडलं. त्यात त्यांच्या प्रकृतीबद्दल एक ओळ होती आणि उरलेल्या सगळ्या आणेवारीबद्दल.

'पीक पाहताना आम्ही चांगले, बरे असले शब्द वापरीत नाही,' चिंतामणरावांनी लिहिलं होतं. 'भरघोस पीक ते सोळा आणे. त्या मानाने शेतात जे दिसते ते इतके आणे, असे धरावे. सहा आण्यांखाली गेले की शेतसारा तहकूब. ही पद्धत लहान पोरालाही कळते. स्त्रियांना हेच विचारावे, की सोळा आण्यांपैकी किती.'

आणि खरंच, ते सगळ्यांना कळलं. वऱ्हाडात ज्याच्या घरी वावर नाही त्याच्या मामाच्या घरी असतं. दर आश्विनात आणेवारी हा शब्द पोळीभाजीइतका ऐकू येतो. बायांचे चेहरे उजळले. आकडे यायला लागले. पण सगळे सोळा! "नवऱ्याले सोळातून कमी देऊ?" एक जण म्हणाली, "जीभ झडन ना! सात जलम तोच मागतो ना आपून वडापाशी?" आणि दुसरीनं, पहिलीनं सोळा दिल्याचं ऐकून, अठरा दिले.

सिंधूताईंनी मग निराळाच उपाय केला. त्यांचा लक्षवातीचा नेम होता, रोजच्या वाती वळल्याशिवाय तोंडात घास जायचा नाही. त्या कापूस घेऊनच घरोघर जाऊ लागल्या. समोरचीच्या मांडीवरही थोडा कापूस ठेवायचा आणि काही विचारायचंच नाही. हात चालू लागले की बाई आपोआप बोलते, हे देवळात बसणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असतं. चौथ्या-पाचव्या वातीला आकडा खाली यायला लागायचा. अनुपमेनं सातव्या वातीला मान वर न करता सांगितलं, "नऊ."

कोपऱ्यावरचे उत्तमराव वकील मात्र पत्नीच्या शेजारी खुर्ची टाकूनच बसले. "हा दस्तऐवज आहे, ताई. उद्या कोर्टात दाखल होऊ शकतो. मी सांगतो, लिहा, सोळा." सिंधूताईंनी लिहिलं. उत्तमराव पक्षकार आला म्हणून बाहेर गेले. त्यांची पत्नी कुंदा वात वळत राहिली, मग हळूच म्हणाली, "ताई, अकरा लिहा." वळलेली वात तिनं उलगडली. "नको. सोळाच राहू द्या. घरात ते एकटेच बोलतात, त्यांना वाटू दे." सिंधूताईंनी काय लिहिलं ते त्यांचं त्यांना आणि अंबादेवीला ठाऊक.

गुपित गल्लीत पोळ्याच्या बैलासारखं मिरवलं. शेतकऱ्याला आपली आणेवारी कमी लागावी असं वाटतं, म्हणजे सारा सुटतो. नवऱ्यांचं उलट होतं. अनुपमेचा नवरा शेषराव शाळामास्तर. तो एका संध्याकाळी टोपी हातात घेऊन सिंधूताईंच्या ओट्याशी उभा राहिला.

"ताई, नऊ आणे म्हणजे सव्वाछप्पन्न टक्के झाले. एवढे तर मी वर्गातल्या ढ पोराले देतो."

"भाऊ, मी कोणाचे आकडे सांगत नाही हो."

"तुमी नका सांगू, आमची माय सांगून राहिली. तिनं अनुपमेले शपथ घातली. आता अपील कोठी कराचं, ते सांगा."

अपिलाची सोय नाही म्हटल्यावर शेषरावानं लोकांपुढे चाचणी द्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता, म्हणजे सगळी गल्ली दारात असताना, तो विहिरीवरून डोक्यावर घागर घेऊन निघाला. अर्ध्या वाटेत धोतरात पाय अडकला. घागर उत्तमरावांच्या ओट्यावर फुटली आणि अशिलाच्या दाव्याचे कागद भिजले. माणिकबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "माह्या पोराले पानक्या केलं वो माय या बाईनं!" त्या आठ दिवस सिंधूताईंशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी बोलल्या, कारण अनुपमेला किती आणे वाढवता येतील ते विचारायचं होतं.

दुसऱ्या घरांतही हेच. कुणी पायऱ्यांवर बसून बायकोसाठी चिंचा सोलू लागला. कुणी भर रस्त्यात "सावकाश चाल गं" असं ओरडला, तेव्हा ती बिचारी लाजून पळत सुटली. दिवसाउजेडी नवऱ्यानं बायकोशी मोठ्या माणसांदेखत बोलायचं नसतं, हा शे-दोनशे वर्षांचा रिवाज पंधरा दिवसांत ढिला पडला. बाया म्हणू लागल्या, ताई, तुमचे तक्ते लवकर संपवा, आमचे हे घरात लुडबुड करून राहिले.

इतक्यात मंडळाच्या चिटणिसांचं पत्र आलं. प्रत्येक तक्त्यावर पतीची सही पाहिजे. पत्नीचं निवेदन पालकाच्या संमतीवाचून ग्राह्य नाही, आणि तिचा पालक पती. म्हणजे नवऱ्यानं आपल्याला पाच आणे मिळाले हे वाचायचं आणि खाली सही ठोकायची. सिंधूताई ते पत्र घेऊन शकुनबाईंकडे गेल्या. शकुनबाई चिटणिसांकडे गेल्या. काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण चिटणिसांचा आवाज बसला म्हणून त्या आठवड्याचं त्यांचं व्याख्यान रद्द झालं. तोड अशी निघाली, की तक्त्यावर नावच नको. नुसता क्रमांक. नाव नाही तर पती नाही, पती नाही तर सही नाही. मंडळाच्या नियमातून सुटायला असली पळवाट साक्षात नारदालाही सुचली नसती.

सिंधूताईंनी सगळे तक्ते आपल्या अक्षरात नव्यानं उतरवून काढले. एक, दोन, तीन. एकोणचाळीस झाले आणि त्या थांबल्या. अजून स्वतःचा भरायचा होता.

त्याच दिवसांत जयवंता आली. वडाळीच्या तलावाकडे तिच्या नवऱ्याचा, शालिकरामचा, भाजीचा मळा. ती पाटीत मेथी, गवार, वांगी घेऊन दारावर यायची. आठवा लागला तरी यायची. सिंधूताईंनी तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं, हातात कापूस दिला. तिला कापसाची गरज नव्हती.

"माह्यावाल्याले चवदा लिवा, बाई."

"का गं चौदा?"

"तो बोलत नाई. मुकाच हाये समजा. पन मी उठाच्या आंधी हौद भरलेला रायते. म्या एक डाव म्हतलं, कावून भरता, मी भरीन ना. तं म्हने, बैल रिकामाच होता." ती हसली. "बैल रिकामा! रातभर बैल झोपत नसन का?"

"मग दोन का कापले?"

"म्या आंबट मागतलं तं हासला. एक त्याचा. अन् एक असाच. सगळे देल्ले तं माजन ना तो." मग तिनं कापसाचा बोळा झटकला आणि सरळ विचारलं, "तुमचं किती, बाई?"

"माझा भरायचाय अजून."

"मंग भरा ना. घरात तं कोनी नाई. का सोताच्याच सासूले पानी मागाव लागते?"

सिंधूताईंना हसू आलं. फार दिवसांनी त्या घरात दोन माणसांचं हसू झालं, भिंतींनाही चमत्कारिक वाटलं असेल. जयवंता पाटी उचलायला वाकली आणि तशीच थांबली. "बाई, एक इचारू? मले माय नाई, सासूबी नाई. बाजाराच्या दिशी तो भाजी घेऊन जाते, रात पडल्यावर येते. नेमकं तवाच झालं तं? सुईनीचं मले भेव वाटते. मागच्या डावी शेजारीन तिच्याच हातात गेली. तुमी येसान काय? काई करू नका, नुस्त्या बसजा."

"येईन. बसायला कशाला, टांग्यानं तुला शकुनबाईंकडे घेऊन जाईन."

"देवाच्या शपत?"

"माझ्या हातात वात आहे बाई, आणखी शपथ कोणती?"

जयवंता गेली. तिचा तक्ता चाळिसावा झाला. सिंधूताईंनी एक्केचाळीस क्रमांकाचा कागद पुढे ओढला. आता पेच असा, की चातुर्मासात कुणाची निंदा करायची नाही, असा त्यांचा नेम होता. नवऱ्याला कमी आणे देणं ही निंदा होते का? त्यांनी पोथी उघडून पाहिली, पण आणेवारीबद्दल त्यात काही नव्हतं. मग देवापुढे बसून त्यांनी स्वतःशी वाद घातला. निंदा म्हणजे दुसऱ्यापाशी सांगणं. हा कागद तर क्रमांकाचा. आणि खोटं लिहिणं हे कोणत्याही मासात पापच. देव काही बोलला नाही, म्हणजे हरकत नसावी.

त्यांनी बारा प्रश्न वाचले. एकेका प्रश्नापाशी बराच वेळ बसल्या. अखेर लिहिलं: 'तीन आणे.' शेऱ्याच्या रकान्यात खुलासा केला, चिंतामणरावांनी शिकवलेल्या पद्धतीनं. 'एक आणा, ठरल्या दिवशी येतात. एक आणा, कधी रागावले नाहीत. एक आणा, एकदा विचारले होते, जेवलीस का.'

पुढे नऊ घरं झाली, पन्नास भरले, आणि सगळा गठ्ठा अकोल्याला गेला. गोषवारा करून देण्याची हौस चिंतामणरावांनी आपणहून दाखवली होती. गोषवारा म्हटलं की त्या गृहस्थांचा चेहरा पाचही पक्वान्नं वाढल्यासारखा होई.

दहा दिवसांनी गोषवारा आला. तांबड्या शाईच्या रेघा, बेरजा दोनदा ताळा पाहिलेल्या. सोबत पत्र.

'जनांची रीत अशी, की पीक सांगताना लोक कमी सांगतात आणि पती सांगताना स्त्रिया जास्त सांगतात. सबब सर्व आकड्यांतून दोन आणे वजा केले आहेत. मात्र क्रमांक एक्केचाळीस गोषवाऱ्यातून वगळला आहे. तीन आणे हा आकडा आजूबाजूच्या शेतांशी मुळीच जुळत नाही. बाई कजाग असावी, किंवा त्या दिवशी प्रकृती बरी नसावी. त्या जागी सरासरीचे अकरा आणे धरले. शेरा वाचून त्या गृहस्थाची दया आली. बिचाऱ्याला ठाऊकही नसेल.'

सगळे तक्ते सिंधूताईंच्याच अक्षरात होते. त्यांना कळणार तरी कसं?

सिंधूताईंना आधी हसू आलं. त्या एकट्याच खूप हसल्या, इतक्या की माणिकबाईंनी समोरून "काय झालं वं?" म्हणून विचारलं. "काही नाही, अकोल्याचं पत्र," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पत्राची घडी घातली. 'बिचाऱ्याला ठाऊकही नसेल,' ही ओळ घडीच्या बाहेर राहिली, म्हणून पुन्हा घडी घातली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या वाती मोजायच्या राहून गेल्या.

घरात पाकीट नव्हतं, पोस्टकार्ड होतं. त्यावर त्यांनी लिहिलं, 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. क्रमांक एक्केचाळीस वगळू नये. तो माझा आहे. बाकी क्षेम.'

पोस्टमननं ते दारातच वाचलं. "मजकूर लय थोडका हाये, बाई. जागा फुकट गेली."

नऊ दिवस उत्तर नाही. त्यांच्या येण्याचा शनिवार आला आणि गेला, ते आले नाहीत. बाहेर आश्विनाचं ऊन पडलं होतं, कचेऱ्यांचे लोक पिकं पाहायला निघाले होते, आणि सिंधूताईंना सातवा लागला होता. सबंध गल्लीला पोस्टकार्ड पाठ झालेलं. माणिकबाईंनी समजावलं, "मानसाले असं उघड्या कारडावर लिवते काय वं? आता नाई येत तो. मरद मानूस हाये, त्याले राग येईनच." उत्तमरावांनी ओट्यावरून कायदेशीर मत दिलं, की लेखी कबुली मागे घेता येते. सिंधूताई म्हणाल्या, "मागे कशाला घ्यायची? खरी आहे." आणि तुळशीपाशी गेल्या. प्रदक्षिणा घालताना पोटातलं मूल हललं. ते सांगायला घरात तुळशीशिवाय कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी तुळशीला सांगितलं.

दहाव्या दिवशी पत्र आलं. कारकुनी अक्षर, पण दोन ठिकाणी खोडलेलं. चिंतामणराव कधी खोडत नसत.

'क्रमांक एक्केचाळीस पुन्हा दाखल केला. आकडा तीनच ठेवला, दोन वजा केले नाहीत. त्यामुळे सर्व सरासरी खाली आली. येऊ दे. आमचा नियम असा, की पीक बांधावरून पाहू नये, शेतात उतरून पाहावे. मी कित्येक वर्षे बांधावरून पाहिले असे दिसते. मागल्या खेपेस बाहेरच्या खोलीत बसलो होतो तेव्हा आत यावे असे फार वाटत होते. आत येऊन काय बोलावे ते सुचले नाही. फेरपाहणीस शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. रजेचा अर्ज दिला आहे. मंजूर न झाला तरी येतो.'

शेवटची ओळ सिंधूताईंनी किती वेळा वाचली असेल! अठरा वर्षांच्या नोकरीत त्या माणसानं मंजुरीवाचून शिंकही दिली नव्हती.

शनिवार उजाडला. उपासाचा दिवस, तरी सिंधूताईंनी वरणफळं करायचं ठरवलं, कारण ती चिंतामणरावांना आवडत. सडा झाला, रांगोळी झाली. साडेदहाची गाडी. नऊ वाजल्यापासून त्या दारात चार वेळा येऊन गेल्या, आणि चारही वेळा काहीतरी झटकायचं निमित्त केलं. माणिकबाई समोरून सगळं पाहत होत्या आणि, देवाची कृपा, काही बोलत नव्हत्या.

दहाला टांगा वाजला. सिंधूताई पाचव्यांदा दारात आल्या. पण टांग्यातून उतरली ती मळ्याच्या शेजारची पार्बताबाई, पदर सुटलेली.

"बाई, जयवंताले सुरू झालं वो. शालिकराम बाजाराले गेला. सुईन बोलावली तं ती उंबऱ्यातून घेत नाई तिले. म्हनते, बाई येतो म्हनल्या हायेत. नुस्तं तुमचंच नाव घेऊन राहिली."

माणिकबाई रस्ता ओलांडून आल्या. "सातव्या मयन्याची बाई जाते का दुसरीच्या बाळंतपनाले? अन् आज? आज तं तुमचे येऊन राहिले! अर्ध्या घंट्याची गोष्ट हाये, थांबा जराशा. त्याईले भेटा, मंग जा."

सिंधूताई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. आतल्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. चुलीवर वरण रटरटत होतं. किती वर्षांनी कुणीतरी त्यांच्याकडे, खास त्यांच्यासाठी, यायला निघालं होतं. गाडी बडनेऱ्याला पोचली असेल. अर्धा तास खरंच फार नव्हता. वडाळीला मात्र तो फार झाला असता.

त्यांनी आत जाऊन वरण उतरवलं. विस्तवावर राख सारली. देवाला हळद-कुंकू वाहिलं, धुतलेलं एक लुगडं पिशवीत घातलं, आणि दाराला कुलूप लावून किल्ली माणिकबाईंच्या हातात दिली.

"आले तर सांगा, वडाळीला जयवंताकडे गेलेय. तिला शकुनबाईंच्या हवाली करून येईन. चहाची भांडी खालच्या फळीवर आहेत, साखर निळ्या डब्यात."

"तो चहा करन?" माणिकबाईंचे डोळे विस्फारले. "चिंतामनराव?"

"आणि विचाराल का त्यांना," सिंधूताई हळूच म्हणाल्या, "जेवलात का म्हणून."

त्या टांग्यात चढल्या, एक हात पोटावर, एक पार्बताबाईंच्या खांद्यावर. टांगेवाला म्हणाला, "स्टेशनवरून घेऊ का, बाई? गाडीचा टाइम हाये, सवारीबी भेटन."

"नको," सिंधूताई म्हणाल्या. "सरळ वडाळीला. खड्डे सांभाळून, पण चला."

घोड्यानं मान हलवली आणि टांगा स्टेशनच्या रस्त्याला पाठ करून निघाला.